फाइल लॉकिंग

फाइल लॉकिंग म्हणजे एखादी फाइल (संचिका) एका वेळी एकालाच बदलता यावी, इतरांना ती फार तर वाचता यावी, यासाठी संगणकावर योजलेला निर्बंध होय. या निर्बंधाला रूढ भाषेत ‘कुलूप’ म्हणतात. सामायिक सर्व्हरवरील एकच फाइल अनेक संगणकांवरून उघडली जात असल्याने तेथे त्याचे महत्त्व विशेष आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना मात्र हेच संरक्षण अडथळा ठरते, कारण जी फाइल बदलायची असते तीच कोणाच्या तरी वापरात असते.

गरज

दोन लिपिकांनी एकच तक्ता एकाच वेळी उघडला, पहिल्याने नोंदी करून तो जतन केला आणि नंतर दुसऱ्याने आपली प्रत जतन केली, तर पहिल्याच्या नोंदी कोणतीही सूचना न मिळता पुसल्या जातात. हा धोका जुना आहे. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या ओएस/३६० या प्रणालीतही एखादे काम फाइल एकट्यासाठी मागते की इतरांसह वापरण्यास तयार आहे, हे आधी नोंदवावे लागे.

दोन परंपरा

युनिक्स परंपरेत कुलूप बहुधा सल्लावजा असते. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत आलेली ‘एफलॉक’ ही सोय याच प्रकारची आहे. कुलूप आहे की नाही हे आज्ञावलीने स्वतःहून विचारावे लागते. न विचारणाऱ्या आज्ञावलीला कोणी अडवत नाही. विंडोजमध्ये फाइल उघडतानाच इतरांना काय करू द्यायचे ते ठरते आणि प्रणाली ते सक्तीने पाळते. चालू असलेल्या आज्ञावलीची फाइल तेथे पुसता किंवा तिच्यावर लिहिता येत नाही. त्यामुळे बदलीचे काम संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत लांबणीवर टाकावे लागते. हे पुनरारंभ कमी व्हावेत म्हणून व्हिस्टा आवृत्तीपासून ‘रीस्टार्ट मॅनेजर’ देण्यात आला. फाइल कोणी अडवली आहे ते शोधून तो तेवढ्याच आज्ञावल्या बंद करून पुन्हा सुरू करतो.

युनिक्समध्ये फाइल पुसली तरी केवळ तिचे नाव जाते. ती उघडून बसलेली शेवटची प्रक्रिया संपेपर्यंत मजकूर टिकून राहतो. त्यामुळे नवी आवृत्ती विनातक्रार बसते, पण चालू सेवा जुनीच प्रत वापरत राहते. ही शांतता विंडोजच्या नकारापेक्षा अधिक फसवी म्हणावी लागेल. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा दुरुस्त आवृत्ती बसवूनही ज्या सेवा पुन्हा सुरू केल्या गेल्या नाहीत त्या असुरक्षितच राहिल्या. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्याही या दोषामुळे बाहेरच्यांना वाचता येत होत्या.

सामायिक सर्व्हरवर

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेल्या एनएफएस या पद्धतीत सर्व्हर कोणी काय उघडले याची नोंदच ठेवत नसे; कुलपांसाठी वेगळी सेवा जोडावी लागली. चौथ्या आवृत्तीत ती मूळ पद्धतीतच सामावली. एनएफएसवर उघडी फाइल पुसल्यास तिच्या जागी टिंब आणि ‘एनएफएस’ या अक्षरांनी सुरू होणारी लपलेली फाइल उरते. ती कचरा समजून काढू नये; कोणीतरी तिच्यावर अद्याप काम करत असण्याचा संभव असतो.

फाइल कोणाकडे उघडी आहे हे विंडोज सर्व्हरवर ‘शेअर्ड फोल्डर्स’मधील ‘ओपन फाइल्स’ या यादीत, तर साम्बा सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ या आज्ञेने कळते. विंडोजच्या या यादीतूनच कुलूप सक्तीने तोडताही येते. पण तसे केल्यास समोरच्याचे जतन न केलेले काम जाऊ शकते आणि ॲक्सेससारख्या डेटाबेसची फाइल बिघडू शकते. अगोदर निरोप देणे हाच सुरक्षित मार्ग होय. वीज गेल्यामुळे मागे राहिलेले कुलूप हा वेगळा प्रकार आहे. वर्डची ~$ चिन्हांनी सुरू होणारी छोटी फाइल अशीच मागे राहते आणि दस्तऐवज कोणाकडेही उघडा नाही याची खात्री झाल्यावर ती काढता येते.

आवृत्ती बदलताना

नवी आवृत्ती जुनीवर न लिहिता शेजारच्या स्वतंत्र फोल्डरात ठेवून शेवटी केवळ दुवा तिच्याकडे वळवणे, ही युनिक्स सर्व्हरवरील रुळलेली पद्धत आहे. आधीपासून काम करणारे जुन्या प्रतीवर राहतात, नव्याने येणारे नव्या प्रतीवर जातात आणि काही बिघडल्यास दुवा मागे फिरवता येतो. ॲक्सेसच्या बाबतीत माहितीचे तक्ते सर्व्हरवर आणि फॉर्म असलेला भाग प्रत्येकाच्या संगणकावर ठेवण्याची शिफारस मायक्रोसॉफ्ट करते, म्हणजे फॉर्म बदलण्यासाठी सर्वांना थांबवावे लागत नाही. नव्या आवृत्तीने साठवलेल्या माहितीची रचनाच बदलत असेल, तर मात्र दोन्ही आवृत्त्या सहसा एकत्र चालवता येत नाहीत. तेव्हा वेळ आधी जाहीर करून सर्वांचे काम थांबवणे आणि माहितीची प्रत घेऊन मगच बदल करणे आवश्यक ठरते.