पडद्यावरचे मोडके अक्षर



संगणकावर मराठी मजकूर उघडावा आणि अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसावेत, किंवा इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ उमटावी, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. आपण म्हणतो, यंत्र बिघडले. माझे म्हणणे असे की, यंत्र बहुधा बिघडलेले नसते. त्या चौकोनामागे आणि त्या माळेमागे एक इतिहास आहे. तो कळला की दुरुस्तीही कळते.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी अक्षर हाताला लागत असे. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून देवनागरीला शेकडो खिळे लागत, आणि जुळारी ते एकेक उचलून ओळ बांधी. लोकमान्य टिळकांसारख्या संपादकानेही ही संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. काम कष्टाचे खरे. पण छापून निघालेला कागद कोणालाही वाचता येई. वाचकाला छापखान्यातले खिळे घरी न्यावे लागत नसत. संगणकाने नेमकी हीच सोय काढून घेतली. तेथे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो तो आकडा. त्या आकड्याचे अक्षर वाचणाऱ्याच्या यंत्रातील फाँट काढतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा दोन्ही यंत्रांत एकच करार हवा. करार मोडला की अक्षर मोडते.

पहिला मोठा करार अमेरिकेत 1963 साली झाला. त्याचे नाव आस्की. त्यात 128 घरे होती, आणि देवनागरीला त्यांत एकही नव्हते. आपल्याकडे कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये या प्रश्नावर काम झाले. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक ठरले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका कोष्टकात बसवू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीला 128 घरे दिली, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या 1988 सालच्या रूपावरूनच घेतली.

म्हणजे 1991 सालीच करार तयार होता. पण बाजार त्या वाटेने गेला नाही. फाँट विकणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसविले, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने बसविले. कृतिदेव या फाँटात ‘का’ लिहिला, तर यंत्राच्या लेखी तो इंग्रजी ‘डी’ आणि ‘के’ असतो. फाँट असेल तर ‘का’ दिसतो. नसेल तर डी आणि के. दुसऱ्या विक्रेत्याच्या फाँटात तोच ‘का’ भलत्याच घरांत. निरर्थक माळेचा उगम हा असा आहे. त्या काळी छपाईत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरला युनिकोड समजत नसे. त्यामुळे छापखाने त्याच फाँटांना बांधलेले राहिले.

यात सामान्य माणसाचे काय जाते, ते सांगतो. एका कारखान्याच्या कचेरीने आमच्या वेतनकराराचा मसुदा अशाच एका फाँटात करून फाइल आम्हांला दिली होती. पुढे कित्येक वर्षांनी थकबाकीचा वाद उभा राहिला. फाइल उघडली तर कलमांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! कचेरीने ‘जुनी यंत्रे गेली’ म्हणून हात वर केले. एका छापखान्यात पूर्वी खिळे जुळविणारे एक वयस्क कामगार होते. त्यांनी तो चिवडा पाहून फाँटाचे नाव सांगितले. मग तो मजकूर युनिकोडमध्ये फिरविला आणि सहीच्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. कागद होता म्हणून ताडता आला. ज्यांच्यापाशी कागद नसेल त्यांनी काय करावे?

दुसरे दुखणे चौकोनाचे. यात आकडा बरोबर असतो. पण फाँटात त्या आकड्याचे चित्रच नसते. ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ यांतील ‘ॲ’ घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते 2008 साली. त्याआधीच्या फाँटांत ते कोठून असणार? अशा ठिकाणी नवा फाँट घातला की काम होते.

तिसरे दुखणे मोडतोडीचे. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी ‘क’ साठविला जातो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. ही जुळणी करणे, म्हणजे जुन्या जुळाऱ्याचेच काम, यंत्रणेत असलेला एक भाग करतो. विंडोज 2000 मध्ये तो देवनागरीसाठी आला, आणि त्याबरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट आला. विंडोज एक्स्पीत मात्र तो भाग वेगळा बसवावा लागे. 2007 सालच्या व्हिस्टापासून तो आपसूक मिळू लागला. हा भाग नसेल, किंवा वापरातला प्रोग्राम त्याला विचारीतच नसेल, तर वेलांट्या भरकटतात आणि जोडाक्षरे फुटतात. मराठीचा विशेष म्हणजे ‘ऱ्य’ मधला अर्धा र. तो साधला नाही की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’ हे शब्द मोडतात. कष्टकऱ्यांची नावेच आधी मोडावीत, हा योगायोग मला बोचतो.

तेव्हा आधी दुखणे ओळखावे. इंग्रजी माळ दिसली तर जुना फाँट शोधून मजकूर युनिकोडमध्ये फिरवावा; चौकोन दिसला तर फाँट बदलावा; मोडतोड दिसली तर यंत्रणा किंवा प्रोग्राम नवा करावा. आणि जेथे करार, सात-बारा, सभासदांची यादी असे कोणाच्या हक्काचे कागद असतील, तेथे ते युनिकोडमध्येच मागून घ्यावेत. समाईक करार हीच दुबळ्याची ताकद असते, हे आम्ही कारखान्याच्या दारात शिकलो. अक्षरांच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.