सेकंद म्हणजे कितवा?

सेकंद म्हणजे दुसरा. पण कशातला दुसरा? मध्ययुगीन लॅटिनमध्ये तासाच्या साठाव्या भागाला ‘पार्स मिनुता प्रिमा’ म्हणत, म्हणजे पहिला बारीक भाग. त्याचे परत साठ केले की ‘पार्स मिनुता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. गंमत बघा, एकाचं नुसतं ‘बारीक’ उरलं आणि दुसऱ्याचा नुसता क्रमांक! म्हणजे मिनिट आणि सेकंद ही नावंच मुळात लघुरूपं आहेत.

इंग्रजीत त्यांचीही लघुरूपं झाली: ‘एसईसी’, ‘एचआरएस’, ज्याला जसं सुचेल तसं. १९४८ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं सेकंदाला नुसता एस, तासाला नुसता एच ठरवला. ही चिन्हं आहेत बरं का, लघुरूपं नव्हेत. म्हणून पुढे टिंब नाही, आणि अनेकवचनाचा एस तर मुळीच नाही. एम आधीच मीटरकडे गेलेला, तेव्हा मिनिटाला ‘एमआयएन’ असं तीन अक्षरी चिन्ह आलं.

आता कुणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशाला? समजा, प्रयोगवहीत पाच मिनिटं म्हणून तुम्ही ‘५ एमएस’ लिहिलंत. वाचणारा ते पाच मिलिसेकंद वाचणार. फरक साठ हजार पटींचा.