उजेड विकत घेताना

२०१० सालच्या शिमग्यातला एक फोटो माझ्याकडे आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्या रात्री पालखी घरी आली होती. सारवलेलं खळं, कोपऱ्यात साठ वॅटचा एकच बल्ब, पालखीपुढे निरांजन. आजी वाकून देवीची ओटी भरते आहे. फोटोत तिचं लुगडं ओळखू येतं, चेहरा येत नाही. त्या जागी एक फिकट ओघळ आहे. फाइलमध्ये नोंद आहे : एफ/५.६, शटर १/८ सेकंद, आयएसओ १६००. लगेच दुसरा फोटो मी फ्लॅश मारून काढला होता. त्यात चेहरा स्पष्ट आला, पण पांढराफटक. निरांजनाचा उजेड पुसला गेला आणि मागची माणसं काळोखात बुडाली. "माझा काढलास काय?" असं आजीने नंतर विचारलं. मी हो म्हणालो. पुढच्या शिमग्याला ती नव्हती.

तो फोटो त्या रात्री बिघडला नाही. तो चार महिने आधी मुंबईत, पैसे मोजताना बिघडला होता. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स, आणि दुसऱ्या लेन्ससाठी खिशात जेमतेम दहा हजार रुपये. समोर दोन पर्याय होते. एक, ५० मिमी एफ/१.८ ही वाटीएवढी, प्लास्टिकची, झूम न होणारी लेन्स. दुसरी, वापरलेली ७०-३०० मिमी झूम. मी झूम घेतली. आमच्याकडे उंबरावर धनेश येतात, त्यांचे फोटो काढायचे होते. शिवाय ती लेन्स लांबलचक होती, चारचौघांत 'फोटोग्राफर' म्हणून शोभून दिसेल अशी. लेन्स म्हणजे लांबचं जवळ आणणारी वस्तू, एवढीच माझी समज होती. लेन्स म्हणजे उजेड आत घेणारं दार असतं, हे मला माहीत नव्हतं. ते कळायला मला लेन्सचा इतिहास वाचावा लागला. तो वाचताना लक्षात आलं, की माझी चूक काही नवी नव्हती. काचेचा, पैशाचा आणि उजेडाचा हा हिशोब छायाचित्रणाच्या जन्मापासून चालू आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा तिच्या कॅमेऱ्याला शार्ल शेव्हालिए याने बनवलेली साधी लेन्स होती. तिचं छिद्र आजच्या भाषेत एफ/१५ च्या आसपास. घरं, पुतळे, रस्ते यांना ती पुरेशी होती, कारण ती मिनिटंच्या मिनिटं हलत नाहीत. माणूस मात्र हलतो. १८४० मध्ये व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योजेफ पेट्झवाल याने आधी कागदावर हिशोब मांडून नवी लेन्स आखली. या किचकट आकडेमोडीसाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशोबात तरबेज माणसं मदतीला मिळाली होती. फोइक्टलेंडर यांनी ती लेन्स बनवली. तिचं छिद्र होतं एफ/३.६. एफच्या पुढचा आकडा लहान तेवढं दार मोठं, आणि उजेड वाढतो तो आकड्यांच्या वर्गाच्या हिशोबाने. म्हणजे शेव्हालिएच्या लेन्सपेक्षा हिच्यातून सोळापटीहून जास्त उजेड आत येत होता. चेहऱ्याचा फोटो हा धंदा होऊ शकला, त्यात या लेन्सचा वाटा मोठा आहे.

तेव्हापासून लेन्सच्या बाजारात दोन वाटा पडल्या. माणसांसाठी मोठ्या छिद्राची, जास्त काचांची, महाग लेन्स. देखावे आणि इमारतींसाठी लहान छिद्राची, कमी काचांची, स्वस्त लेन्स. पहिल्या वाटेवर पैसे मोजायचे, दुसरीवर वेळ. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले नावाजलेले हौशी छायाचित्रकार. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत प्लेट तयार करून ती वाळायच्या आत फोटो घ्यावा लागे. रसायनं, काचा, तंबू हे सगळं बरोबर वागवायचं. हा डॉक्टरांना आणि सरदारांना परवडणारा छंद होता. तरीही उजेडाचा नियम त्यांनाही तोच होता : लेन्स मंद असेल तर समोरच्याने स्थिर राहायचं.

पैशाऐवजी वेळ मोजण्याचं मला सर्वांत आवडणारं मराठी उदाहरण दादासाहेब फाळके यांचं आहे. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेला, गोध्र्याला स्टुडिओ चालवून पाहिलेला हा माणूस १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आला. पुढचा चित्रपट काढायला भांडवल नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत दिवसेंदिवस थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. 'अंकुराची वाढ' हा तो छोटासा चित्रपट. नट नाहीत, दिव्यांचा थाट नाही, खर्च बेताचा. तो पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. वाटाण्याला घाई नव्हती, आणि फाळक्यांकडे त्या क्षणी वेळ हेच भांडवल होतं.

स्वस्त लेन्स चांगली कशी झाली, ही गोष्ट वेगळी आहे. १८९३ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्क शहरी डेनिस टेलर याने फक्त तीन काचांत लेन्सचे बहुतेक सगळे दोष काबूत आणून दाखवले. पुढे असंख्य स्वस्त कॅमेऱ्यांत ही तीन काचांची मांडणी गेली. आपल्याकडे घरोघरी पोचला तो मात्र याहूनही साधा, बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. त्याच्या लेन्सला फार काही जमत नसे, म्हणून घरातल्या माणसांना अंगणात, सूर्याकडे तोंड करून उभं करत. जुन्या अल्बमांत आपले काका-मावश्या डोळे बारीक करून का उभे असतात, याचं एक कारण त्या लेन्समध्ये आहे. रात्रीची पालखी त्या अल्बमांत जवळपास नसतेच. जी लेन्स परवडली, तिला दिसलं तेवढंच आपल्या घरांच्या आठवणीत उरलं.

मी दुकानात नाकारलेल्या ५० मिमीचं कूळ १८९६ मधलं आहे. त्सायसच्या पाउल रुडॉल्फने सहा काचा दोन्ही बाजूंनी सारख्या रचून 'प्लानार' नावाची लेन्स आखली. मांडणी उत्तम, पण काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा उजेड परततो. अशा आठ सीमा असल्यामुळे चित्र धुरकट दिसे. १९३५ मध्ये त्सायसच्याच अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर पातळ थर देऊन हे परावर्तन कमी केलं आणि ही जुनी मांडणी खऱ्या अर्थाने वापरात आली. पुढची काही दशकं फिल्मच्या जवळजवळ प्रत्येक एसएलआर कॅमेऱ्यासोबत पन्नाशीच्या आसपासची अशी लेन्स मिळत असे. प्रचंड संख्येने बनली, म्हणून ती स्वस्त झाली. कॅननची १९९० मधली ५० मिमी एफ/१.८ भरते १३० ग्रॅम. बसकाही प्लास्टिकचा. तिचं स्वस्तपण बाहेरच्या खोळीत आहे, आतल्या काचांत शंभर वर्षांची अक्कल आहे.

आता हिशोब करा. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ म्हणजे सुमारे दहापट उजेड. त्या रात्री माझ्याकडे ती लेन्स असती, तर शटर १/८ ऐवजी १/८० सेकंद ठेवता आलं असतं. ओटी भरणारा हात कदाचित थोडा हलला असता. चेहरा मिळाला असता.

म्हणून आज कोणी नवा मुलगा किंवा मुलगी मला विचारते, "दहा-बारा हजारांत कुठली लेन्स घेऊ?" तेव्हा मी उलट विचारतो : तुला ज्याचे फोटो काढायचेत, ते हलतं का? आणि किती उजेडात? हलत नसेल, तर नवी लेन्स घेऊच नकोस. कसब्यातलं कर्णेश्वर मंदिर घ्या. बाहेर लखलखीत ऊन आणि सभामंडपात थंड काळोख. लोक तिथे पन्नासची लेन्स घेऊन जातात आणि मागे सरकायला जागा नाही म्हणून कुरकुरतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ऐंशीसारखी वागते, मंडपात तिला दोन खांबसुद्धा नीट मावत नाहीत. तिथे सोबत मिळालेली १८-५५ बरी. कॅमेरा तिकाटण्यावर, १८ मिमी, एफ/८, शटर दहा सेकंद. काळ्या दगडातलं कोरीवकाम हळूहळू उजळत येतं. दगड आठ-नऊशे वर्षं तिथेच उभा आहे, दहा सेकंद थांबायला त्याची ना नाही. माझे त्या मंदिराचे सर्वांत चांगले फोटो सगळ्यांनी नावं ठेवलेल्या त्या लेन्सने काढलेले आहेत.

समोर माणसं असतील, पालखी असेल, स्वयंपाकघरातली आई असेल, तर मात्र मोठ्या छिद्राची छोटी लेन्स. घेताना आपल्या कॅमेऱ्याला ती नीट चालते का पाहावं. निकॉनच्या २००६ च्या डी-४० पासूनच्या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नव्हती. त्यांवर जुनी ५० मिमी लावली, तर फोकस हाताने करावा लागे. हाताने करायची तयारी असेल, तर झेनिटसोबत येणारी रशियन हेलिऑस ५८ मिमी एफ/२ आजही जुन्या सामानात सापडते. कॅननच्या एसएलआरवर ती साध्या कड्याने बसते. निकॉनवर मात्र लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर जास्त पडतं, त्यामुळे दूरचा फोकस मिळत नाही.

आणि वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चामड्याच्या पाकिटात, कपाटात ठेवलेली लेन्स इथे दोन पावसाळ्यांत खराब होते. माझी ती ७०-३०० अशीच गेली. धनेशाचा एकही धड फोटो तिने दिला नव्हता. आता माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. घरात त्याला 'लोणच्याचा डबा' म्हणतात.

५० मिमी मी २०११ च्या शिमग्याआधी घेतली. त्या रात्री खळ्यात तोच बल्ब होता. आईने ओटी भरली. तिचा चेहरा, निरांजनाचा पिवळा उजेड, मागे उभे असलेले मुंबईहून आलेले चुलते, सगळं आलं. तो फोटो चुलत्यांनी मोठा करून नेला.

माजघरात मात्र आजीचा तो हललेला फोटोच लावला आहे. पाहुणे विचारतात, हे कोण? आई सांगते, आत्या. ती आजीला आत्याच म्हणायची. मग पाहुणे जवळ जाऊन लुगडं बघतात आणि म्हणतात, हो, त्याच.