कॅरियरचा नट का सुटतो

मोटरसायकलवर सामान लादण्याची सोय जवळजवळ गाडीइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या गाड्या म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच. मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांचे कॅरियर आणि त्याला अडकवलेली हत्यारांची चामडी पेटी, एवढाच सरंजाम. या कॅरियरची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. ब्रिटिश सैन्याने निरोप पोहोचवायला मोटरसायकली घेतल्या, त्यांत ट्रायम्फची १९१५ सालची ‘मॉडेल एच’ सर्वांत नावाजली. सुमारे ३०,००० गाड्या युद्धकामी लागल्या. एका सिलिंडरचे ५५० सीसी इंजिन, पुढे जेमतेम स्प्रिंग आणि मागे तीही नाही. खड्ड्यात बसलेला दणका चौकटीतून थेट कॅरियरच्या बोल्टांत उतरे.

एका सिलिंडरच्या इंजिनात थरथर जन्मजातच असते. पिस्टनचा वर-खाली हिसका तोलायला क्रँकवर वजन लावावे, तर तेच वजन आडवा हिसका देते. त्यामुळे नट सैल होण्याचे सगळे खापर अनेक दशके या थरथरीवर फुटत राहिले. त्यावरचा सर्रास उपाय होता स्प्रिंग वॉशर. मराठी गॅरेजांत त्याला वायसर म्हणतात आणि आजही तो घातला की काम पक्के झाले, असे मानणारे कमी नाहीत.

हा समज १९६९मध्ये डळमळला. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने बोल्टने आवळलेल्या दोन पट्ट्या मुद्दाम आडव्या सरकवणारे यंत्र वापरले आणि बोल्टमधला ताण कसा उतरत जातो ते मोजून दाखवले. उभ्या हिसक्यांनी नट फारसा हलत नव्हता. पट्ट्या एकमेकींवर आडव्या घसरू लागल्या, की तोच नट पाना न लावता आपोआप उलटा फिरे. उतरत्या फळीवर ठेवलेली जड पेटी एरवी जागची हलत नाही, पण तिला बाजूने धक्के देत राहिले की ती खालीही सरकू लागते. आट्यांच्या चढावर नटाचे तेच होते. अशा घसरणीपुढे स्प्रिंग वॉशरचा फारसा टिकाव लागत नाही, हेही या चाचणीत उघड झाले. पुरेसा आवळलेला बोल्ट पट्ट्यांना घसरूच देत नाही. खरा इलाज तो.

गंमत म्हणजे चांगले उपाय या उलगड्याच्या आधीच बाजारात आले होते. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३मध्ये हवेशी संपर्क तुटला की आट्यांत घट्ट होणारा द्रव तयार केला. तोच पुढे लॉकटाइट या नावाने विकला गेला. नायलॉनची कडी बसवलेला नटही रुळला, मात्र सायलेन्सरच्या उष्णतेत ती कडी मऊ पडते, आणि सामानाचे स्टँड नेमके सायलेन्सरला लागूनच असते.

दरम्यान सामानाचे रूप पालटत गेले. इंग्लंडमध्ये केन क्रेव्हन यांनी फायबरग्लासच्या पेट्या रूढ केल्या. १९७०च्या दशकात जर्मनीत क्राउझरच्या काढता-घालता येणाऱ्या पेट्या बीएमडब्ल्यूवर दिसू लागल्या आणि १९७८मध्ये इटलीत जिवी ही कंपनी निघाली. सोय वाढली, तशी एक मेखही आली. पेटी खटकन निघते, कुलपाने पक्की बसते. मालक कुलूप तपासतो, पण पेटीचा भार पेलणारे स्टँडचे बोल्ट पेटीमागे झाकलेलेच राहतात.

भारतात १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट ३५० इथे जुळू लागली. पण सामानाचा भार सर्वांत जास्त सोसला तो दूधवाल्यांच्या गाड्यांनी. पोलिश एसएचएलवर बेतलेली राजदूत आणि १९८६ची बजाज एम ८० यांच्या दोन्ही अंगांना गावातल्या वेल्डरने अँगलची चौकट ठोकून द्यायची आणि तिला कॅन लटकवायचे. अर्धवट रिकाम्या कॅनमध्ये दूध हिंदकळते, कॅन झोका घेतो आणि चौकट नेमकी आडवी ओढली जाते. युंकरचे यंत्र जे मुद्दाम करी, ते या गाड्यांवर रोज पहाटे आपसूक घडे. नटामागे चेकनट चढवण्याची या चौकटींवरची पद्धत अनुभवातूनच आलेली.

मनालीहून लेहला जाणारा रस्ता १९८९मध्ये पर्यटकांना खुला झाल्यावर बुलेटला पेट्रोलचे कॅन आणि पिशव्या अडकवायची चौकट जोडली जाऊ लागली. ती आज ‘लडाख कॅरियर’ म्हणूनच विकली जाते. तिची तपासणी जुन्याच रीतीने होते. सामान उतरवून चौकट दोन्ही हातांनी आडवी हलवायची. खट् असा आवाज आला, की त्या टोकाचा बोल्ट सैल. जोडाभोवती तांबूस भुकटी किंवा चकाकता घासलेला पत्रा दिसला, तर घसरण कधीचीच सुरू झालेली असते. नव्या चौकटीवरचा रंगाचा थर दाबला जाऊन ताण उतरतो, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पाना पुन्हा लावावाच लागतो. त्यानंतर नट आणि पट्टी यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढली, की नट फिरला ते रेघ तुटल्यावर नजरेनेच कळते.

२०१६च्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला बॅलन्सर शाफ्ट मिळाला आणि सामान जोडण्याच्या जागा कारखान्यातूनच आल्या. इंजिनाची थरथर त्याने बरीच निवली. मागच्या चाकाबाहेर लटकणाऱ्या ओझ्याचा आडवा झोका मात्र बॅलन्सरच्या आवाक्यात येत नाही.