कॅलेंडरातली लक्ष्मी आणि पडद्यावरची हंटरवाली

स्त्रीवादी कला आणि लोकप्रिय संस्कृती यांचं हाडवैर आहे, असं आपण धरून चालतो. एकीकडे प्रश्न विचारणारी चित्रं, दुसरीकडे सिनेमा आणि कॅलेंडरं. आज मी याची दुसरी बाजू मांडणार आहे.

सुरुवात राजा रविवर्म्यापासून करू. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यानं काढलेली पौराणिक चित्रं राजवाड्यात राहिली. पण १८९४ साली त्यानं मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या देवी घरोघरच्या भिंतींवर पोचल्या. कमळावर उभी असलेली, शांत चेहऱ्याची लक्ष्मी आपल्या डोळ्यांत बसली ती या छापील चित्रांमुळे. ‘घरची लक्ष्मी’ असं आपण सुनेला कौतुकानं म्हणतो. पण तिनं कसं दिसावं, किती बोलावं, याचं मापही त्याच शब्दात दडलेलं असतं.

आता बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांच्याकडे येऊ. त्या मूळच्या शिल्पकार, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून त्या स्वतःच कॅमेऱ्यापुढे उभ्या राहू लागल्या. ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६-९८) या मालिकेत त्यांनी मुंबईच्या सिनेमाच्या थाटात मुखवटा घातलेली नायिका साकारली. ही नायिका थेट १९३५च्या ‘हंटरवाली’तल्या फिअरलेस नादियाच्या घराण्यातली. चाबूक फिरवून गुंडांना लोळवणारी बाई वाडिया मुव्हीटोननं पडद्यावर आणली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. म्हणजे बंडखोर स्त्री लोकप्रिय संस्कृतीच्या पोटातच होती.

पुढे छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर त्यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००-०४) ही मालिका केली. तीत त्या रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होतात, सिनेमातली नटी होतात, वृत्तपत्रातल्या फोटोतली अटक झालेली बाई होतात. इंग्रज अमदानीत चौकटींच्या पडद्यापुढे उभं करून जिची मापं घेतली जात, ती ‘नेटिव्ह’ बाईही होतात. एकच बाई देवीही आणि गुन्हेगारही! मग लक्षात येतं, बदलतो तो साचा. साडी, पडदा, उभं राहण्याची ढब यांतूनच ‘आदर्श स्त्री’ घडवली जाते.

एक आक्षेप रास्त आहे. रविवर्म्याची लक्ष्मी राजवाड्याबाहेर पडून स्वयंपाकघरापर्यंत गेली; पुष्पमालांची लक्ष्मी मात्र मुख्यतः कलादालनात भेटते. पण त्यांची रीत दालनात अडकून राहणारी नाही. तिला लागतो एक पडदा, थोडे कपडे आणि एक कॅमेरा. जे चित्र आपल्याला घडवतं, त्यात शिरून ते उसवता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. चित्र फाडून टाकण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण त्यासाठी आधी ते आपल्याला आवडतं हे कबूल करावं लागतं.

आज घरातल्या कॅलेंडराकडे जरा नीट पाहा. त्यातली बाई कोणासाठी उभी आहे?