पूर्णा-पैनगंगेच्या खोऱ्यातील वनस्पतीभक्षी मासे : सहअधिवासाचा इतिहास

१ मे १९९९ रोजी परभणीतून विभक्त झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा इतिहास सामान्यतः औंढा नागनाथचे मंदिर, संत नामदेवांचे नर्सी आणि निजामकालीन लष्करी छावणी यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्यांतील जलचरांचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. त्यास राजकीय कारणही आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधील माशांची जी शास्त्रीय नोंद केली, ती मुंबई इलाख्याच्या मुलखातील होती. निजामाच्या अमलाखालील मराठवाडा तिच्या कक्षेबाहेर होता. तथापि साइक्स यांनी स्थानिक नावे शास्त्रीय नामांत कायम ठेवली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. 'गारा मुल्या' या नावात भोयांचा मळ्या आजही ओळखू येतो.

मळ्या हा या इतिहासातील कळीचा मासा होय. कार्प कुलातील माशांच्या जबड्यात दात नसतात, खरे जठरही नसते. अन्न घशातील दातांनी भरडले जाते, आणि वनस्पतीभक्षी जातींत आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब असते. या एकाच आराखड्यातून निरनिराळी मुखे घडली. मळ्याच्या खालच्या ओठामागे चिकटणारी चकती असल्याने तो वेगवान प्रवाहात खडकाला धरून राहतो व शेवाळ खरवडतो. कानोशी झालरदार ओठांनी तळाचा सेंद्रिय गाळ टिपतो. एकाच डोहाशेजारी राहूनही त्यांची ताटे वेगळी राहिली, ती अन्नाच्या जागा वेगळ्या असल्यामुळे. सुंदरलाल होरा यांनी १९२१ मध्ये गारा प्रजातीचा चिकित्सक आढावा घेतला. असे प्रवाहप्रिय मासे पूर्वेकडून सातपुड्याच्या मार्गाने दक्षिणेत आले, हा त्यांचा पुढील काळातील सिद्धान्त आज जसाच्या तसा स्वीकारला जात नाही. परंतु माशांच्या शरीररचनेत भूगोल वाचण्याची दृष्टी त्यांनीच दिली.

या व्यवस्थेला खरा धक्का धरणांनी दिला. पूर्णेवरील येलदरी प्रकल्प १९६८ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या खाली सिद्धेश्वर जलाशय आहे. पैनगंगेवरील इसापूर धरण १९८२ मध्ये उभे राहिले. सिंचनाच्या दृष्टीने त्यांचे मोल वादातीत आहे. परंतु धावते पाणी थांबले, खडक बुडाले आणि खरवडून खाणाऱ्यांचे ताटच गाळाखाली गेले.

त्याच सुमारास मत्स्यबीजाचे शास्त्रही पालटले. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पियूषिका ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. नदीच्या पुरावर अवलंबून असलेले बीज आता हौदात मिळू लागले. १९५९ मध्ये गवत्या व चंदेरा हे चिनी मूळचे मासे भारतात आले. पृष्ठभागी कटला, मध्यस्तरात रोहू, तळाशी मृगळ, काठच्या पाणवनस्पतींवर गवत्या, अशी मिश्र मत्स्यशेती १९७१ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाद्वारे विकसित झाली. निसर्गाने दीर्घकाळात साधलेली वाटणी येथे माणसाने बोटुकलीच्या संख्येने मांडली. तळ्यात ती यशस्वी झाली, कारण तेथे हिशेब ठेवणारा काठावर उभा असतो.

जलाशयात तसे नसते. भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात १९७१ मध्ये चंदेरा अपघाताने शिरला आणि पुढे कटल्याचे उत्पन्न घसरले. दोघेही पाणी गाळून सूक्ष्म जीव खाणारे, म्हणून स्पर्धा अटळ ठरली. १९५२ मध्ये आणलेल्या टिलापियाला, म्हणजे मच्छीमारांच्या चिलापीला, तर कोणताही थर वर्ज्य नाही.

हिंगोलीच्या संदर्भात प्रश्न केवळ विदेशी माशांचा नाही. कटला-रोहू बाजारात वजनाने विकले जातात व सहकारी संस्थांचे अर्थकारण त्यांवर उभे आहे. बोटभर मळ्याला तशी किंमत नाही. संचयनाचे नियोजन करताना जलाशयातील हेक्टर मोजले जातात, परंतु त्या हेक्टरांत पूर्वी कोण राहत होते याचा विचार क्वचितच होतो. बुडित क्षेत्राबाहेर, पावसाळ्यात पाणी खडकांवरून धावते अशा ओढ्यांत आणि नदीपात्राच्या तुकड्यांत या स्थानिक जातींचा जुना अधिवास शिल्लक आहे. वाळूउपशाच्या परवानग्या देताना आणि नवे बंधारे आखताना प्रथम हेच तुकडे नकाशावर नोंदवावे लागतील.