होनांचा जाबता आणि आपली मोटर

माझं गाव नाटे. लहानपणी यशवंतगडाच्या ढासळलेल्या तटावर बसून आम्ही खाडी बघायचो. 'हा कुणी दुरुस्त का करत नाही?' असा प्रश्न तेव्हा पडायचा. पुढे बँकेत आकडेमोड करताना कळलं, कामं फार आणि पैसा थोडा, हे कायमचंच.

शिवकाळातला, १६७१-७२ चा, एक जाबता प्रसिद्ध आहे. गडांच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी एकूण १,७५,००० होन. रायगड राजधानी, म्हणून ५०,०००. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे जलदुर्ग आणि राजगड, सिंहगड, पुरंदर, प्रतापगड यांना प्रत्येकी १०,०००. विशाळगड, लोहगड अशांना ५,०००. मनोहरगडाला फक्त १,०००. शिवाय किरकोळ कामांसाठी ७,००० वेगळे, म्हणजे बरोबर चार टक्के! सगळ्यांना सारखं वाटप नाही. महत्त्व बघून रक्कम.

मी खजिनदार असताना हे विसरलो. मोटर कुरकुरत होती, पण दिवाळी तोंडावर म्हणून आधी गेट रंगवलं. चेकवर सही माझीच. मे महिन्यात मोटर जळली. आठ दिवस वयस्कर मंडळी बादल्या घेऊन जिने चढली. त्या सभेत मी मान खाली घालून बसलो होतो.

तेव्हापासून आपला क्रम ठरला: आधी पाणी, मग वीज आणि गच्ची, रंगरंगोटी शेवटी, आणि थोडी रक्कम अडीनडीला बाजूला.

येत्या सभेत प्रवेशद्वाराजवळच्या टाइल्सचा विषय आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग अजून बाकी आहे. हात वर करण्याआधी हा जाबता आठवावा, ही नम्र विनंती.